मार्जरीचे हातमोजे

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

एक मुलगी हरवली आहे. पान एकसष्टवर जन्मते आणि नंतर पुस्तकात कुठेच नाही.

पुस्तक आईचं. हेस्टर वेनिंग या इंग्रज बाईचं मराठीतलं चरित्र. बाईंनी जन्मभर राजकारणावर कादंबऱ्या आणि निबंध लिहिले आणि जन्मभर कुठल्याच पक्षाला त्या धड आवडल्या नाहीत. आई हे सतरा वर्षं लिहिते आहे. सौदीत हुफूफच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती तेव्हा सुरू केलं, जेद्दाला बदलून आली तरी चालू. आता डिसेंबरअखेर तिचं काँट्रॅक्ट संपतंय, म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, संपतोय, म्हणजे ती कायमची साताऱ्याला चालली आहे — पण पुस्तक काही संपत नाही! पुण्याच्या प्रकाशकाकडचा संपादक विपुल तिला म्हणाला, ‘मॅडम, तीस नोव्हेंबर. नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू.’ तेव्हा आईने मला कामाला लावलं. तारखा तपास. सनावळी तपास. तू शास्त्रज्ञ आहेस ना!

मी शास्त्रज्ञ नाही, इंजिनिअर आहे. समुद्राचं पाणी पडद्यातून ढकलून गोडं करणं आणि पडदा का तुंबला ते शोधणं, एवढंच माझं काम. पण तारखा तपासता येतात.

‘१९२३ साली हेस्टरला मुलगी झाली.’ इतकंच वाक्य. नावसुद्धा दिलेलं नाही. समासात पेन्सिलने लिहिलं : ही पुढे कुठे गेली?

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडली. तासाभराचं काम होतं. आईला सतरा वर्षांत जमलं नाही हे खरं वाटत नाही.

तिचं नाव मार्जरी. वडील लवकर गेले. ती सहा वर्षांची असताना हेस्टर व्हिएन्नाला गेली. तिथल्या कामगारवस्त्यांवर लिहायला, पोटासाठी एका वर्तमानपत्राची नोकरी धरून. मुलीला धाकट्या बहिणीकडे समुद्रकाठच्या एका गावात ठेवलं. सात वर्षं. त्याच सात वर्षांत ‘गोदीचा भोंगा’ लिहून झाली. आईने त्या कादंबरीवर चाळीस पानं लिहिली आहेत!

मार्जरीची म्हातारपणीची एक रेडिओ मुलाखत एका विद्यापीठाच्या संग्रहात मिळाली. आवाज खणखणीत. ती म्हणते, मावशीची बाग चांगली होती. म्हणते, आई दर नाताळला हातमोजे पाठवायची, आणि ते दर वेळी लहान व्हायचे, कारण आईला आठवायची ती मागच्या वर्षीची मी. मुलाखत घेणारा हसतो. तीही हसते.

संध्याकाळी सायकलने किनाऱ्यापर्यंत गेले. पाणी काचेसारखं. जेद्दापासून तासाभरावरचा हा थुवालचा कॅम्पस नोव्हेंबरात राहण्यासारखा होतो — दारं उघडी टाकता येतात. माझं घर, माझी सायकल, माझी चहाची किटली. मला इथे बरं वाटतं. हे लिहून ठेवायला हरकत नाही.

आणखी एक लिहून ठेवते, नाहीतर प्रामाणिकपणा राहत नाही. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची. सहा वर्षांची असताना आई हुफूफला गेली. तिथे बायकांच्या होस्टेलात मुलांना परवानगी नव्हती. सतरा वर्षांची होईपर्यंत मी साताऱ्याला मावशीकडे होते. मला तक्रार नाही. फक्त साम्य नोंदवते आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवा पडदा तीन आठवडे टिकला. बॉसने दोन बोटांनी टेबलावर ताल धरला. म्हणजे तो खूश आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईकडे. घरभर खोके. फरहानाआपा आधीच येऊन बसलेली. ती आईच्या हॉस्पिटलात सिस्टर, मूळची हर्णैची, आईशी पंधरा वर्षांचं भांडण आणि मैत्री. स्वयंपाकघरात सुरमई तळत होती. कुकर आपल्याला मिळाला हे तिने मला दारातच सांगितलं.

‘अगो पोरी, तुझ्या आयशीला सांग, पुस्तकं नेतेय तशी दोन लुगडी पण ने. साताऱ्यात काय त्या इंग्रज बाईला नेसून फिरणार?’

आई खोक्यातून न बघता म्हणाली, ‘फरहाना, मासा करपतोय.’

‘मासा नाय करपत. तुमचाच जीव करपतोय, बाय.’

मग व्हिसाचा विषय निघाला. मी म्हटलं होतं, फेब्रुवारीत माझ्याकडे ये, व्हिजिट व्हिसा मी काढते. आपाने टाळीच वाजवली; इथे ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील, मालक-जामीनदार. ‘म्हणजे आता आयशीची कफील लेक! वा! पासपोर्ट काढून घे गो तिचा, पळून जाईल!’

आई : ‘तेवीस वर्षं स्वतःच्या इकाम्यावर राहिले. आता कोणाच्या नावावर राहायचं नाही मला.’

जेवण झाल्यावर पान एकसष्ट काढलं. म्हटलं, हिचं नाव मार्जरी आहे. आईने चष्मा काढून पुसला.

‘माहीत आहे.’

‘मग?’

‘मग काय? मी राजकीय लेखिकेवर पुस्तक लिहिते आहे. घरातल्या भानगडींशी वाचकाला काय करायचंय?’

तेव्हा मी तिच्याच पुस्तकातलं तिनेच भाषांतर केलेलं वाक्य वाचून दाखवलं. आई ते हॉस्पिटलातल्या मीटिंगमध्येसुद्धा म्हणून दाखवते. हेस्टरबाईंचा पहिला नियम : ‘प्रत्येक धोरणाची किंमत कोणीतरी दिलेली असते. त्या माणसाला नाव असतं. आधी ते नाव लिहा, मग मत द्या.’

मी म्हटलं, ‘चारशे पानांच्या पुस्तकात नाव नाही असं एकच माणूस आहे.’

आई उठून भांडी घासायला गेली. भांडी आपाने आधीच घासली होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईचा व्हॉइस मेसेज : ‘ठीक आहे. लिहिते मी ते प्रकरण. तू खूश?’

खूश होण्याचा प्रश्न नाही. त्या नियमावर उभं असलेलं पुस्तक तोच नियम मोडून छापता येत नाही, एवढंच. ते छापलं तर जाणकार माणूस पहिल्याच आठवड्यात बोट ठेवील आणि आईची सतरा वर्षं वाया. आणि मार्जरी पुन्हा एकदा राहूनच जाईल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्रकरण आलं. अकरा पानं. दुपारी कँटीनमध्ये वाचायला घेतलं, जेवण गार झालं.

हे प्रकरण नाही, आरोपपत्र आहे! ‘पोटच्या पोरीला टाकून ती जगाच्या अन्यायावर लिहीत बसली.’ ‘या निर्दयपणाला क्षमा नाही.’ ‘जिने प्रत्येक मजुराच्या मुलाची नोंद घेतली तिला स्वतःची मुलगी दिसली नाही.’ आई कधी अशी लिहीत नाही. हेस्टरबाईंना ज्यांनी तुरुंगात घालायला हवं म्हटलं त्या मंत्र्यांवरसुद्धा तिने असं लिहिलेलं नाही.

पेन्सिल घेतली. ‘टाकून’ — पुरावा? दर आठवड्याला पत्र जात होतं, दर महिन्याला मनीऑर्डर. ‘निर्दयपणा’ — कशावरून? ‘दिसली नाही’ — हातमोजे कोणी पाठवले मग?

सगळी अकरा पानं राखाडी झाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडण. आमची भांडणं फार नाहीत, म्हणून तपशिलात लिहिते.

आईने माझ्या खुणा वाचल्या. म्हणाली, ‘तू तिची बाजू का घेतेस?’

‘मी कोणाचीच बाजू घेत नाही. वाक्याला आधार आहे की नाही ते बघते.’

‘सहा वर्षांची मुलगी ठेवून जाते बाई आणि तुला आधार हवा!’

‘हो. “ठेवून” ला आधार आहे. “टाकून” ला नाही.’

‘तुला राग येत नाही का गं? कधीच?’

हे हेस्टरबाईंबद्दल नव्हतं, मला कळत होतं. फरहानाआपालाही कळलं. वाळत घातलेच नव्हते ते कपडे काढायला ती गॅलरीत गेली.

मी म्हटलं, मला तक्रार नाही. मावशीने चांगलं सांभाळलं. शाळा चांगली होती.

‘बाग चांगली होती,’ आई म्हणाली.

म्हणजे मुलाखत तिने ऐकली आहे. कधी, ते विचारलं नाही.

मग म्हणाली, ‘तू एकदाही विचारलं नाहीस मला. दर शुक्रवारी फोन करायचे मी बूथवरून. तू म्हणायचीस — हो, बरी आहे, अभ्यास झाला. मी उत्तर तयार करून बसलेली असायचे. तू विचारशील म्हणून.’

मी उठले. चहा केला. साखर जास्त झाली. दोघींनी प्यायला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काल तिथेच राहिले. सकाळी आईला म्हटलं, चल, बलदला जाऊ, मावशीसाठी चपला घ्यायच्या आहेत ना.

जुन्या बाजारात सकाळी बरं असतं. लाकडी सज्ज्यांची सावली, दुकानदारांची शिंपलेली ओली फरशी, कुठेतरी ऊद जळत असतो. चपलांचं दुकान आपाच्या नात्यातल्या जाफरभाईंचं. ते दापोलीकडचे, त्यामुळे मराठीतच घासाघीस. आईला पाहून म्हणाले, ‘डॉक्टरबाय, खुरूज घेताय म्हणे, कायमच्या चाललात! मग आता आमाला झोपवणार कोण?’

मावशीने पावलाचा फोटो पाठवला होता. पाऊल, खाली फरशी, बस्स. शेजारी मापाला काहीच नाही — पट्टी नाही, नाणं नाही. फोटोवरून माप कसं काढणार! जाफरभाई म्हणाले, ‘पूर्वी बरं व्हतं. कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, येणाऱ्याच्या हाती कागद द्यायचा. पायाचा नकाशा इमानात बसून यायचा.’

माझे आले आहेत तसे नकाशे. म्हणजे गेले आहेत. साताऱ्याच्या ओट्यावर मावशी मला वर्तमानपत्रावर उभी करायची, पेन्सिल अंगठ्याशी आली की गुदगुल्या व्हायच्या. हुफूफला परत जाणाऱ्या कोणाकडे तरी तो कागद जायचा. चार-सहा महिन्यांनी कोणीतरी बूट घेऊन यायचं.

मावशीचं माप शेवटी फोनवर विचारलं. सहा. आईने सातच्या चपला उचलल्या.

मी म्हटलं, ‘सहाच घे.’

‘थोड्या मोठ्या बऱ्या.’

‘आई, मावशी साठ वर्षांची आहे. आता पाय वाढणार नाही.’

जाफरभाई हसले. आई नाही हसली. चपला हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

‘तुझे मोठे यायचे?’

‘दर वेळी.’

‘किती?’

‘दोन नंबर. कधी अडीच. मावशी पुढे कापूस भरायची.’

‘मला वाटायचं, कागद येईपर्यंत पाय वाढला असेल. बूट पोचेपर्यंत आणखी वाढेल. म्हणून मी... ’ मग म्हणाली, ‘कधी बोलली नाहीस.’

‘कापसाने काम भागत होतं.’

सहाच्या चपला घेतल्या. आईने पैसे देताना दोनदा मोजले आणि दोनदा चुकली.

परतीच्या रस्त्यावर गाडी चालवताना सुचलं ते असं : मार्जरीचे हातमोजे लहान यायचे, माझे बूट मोठे. हेस्टरबाईंना मागची मुलगी आठवत होती. आई पुढची कल्पून बसायची. दोघींचाही अंदाज चुकला, पण विरुद्ध बाजूंनी.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईला मेसेज केला : प्रकरण मी लिहू?

उत्तर : ‘लिही.’ मग लगेच : ‘माझ्यापेक्षा चांगलं लिहू नकोस फक्त.’

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लिहून झालं. अकराची चार पानं केली. विशेषणं नाहीत. मार्जरी सहा ते तेरा वर्षांपर्यंत मावशीकडे कुठे राहिली, शाळा कोणती, आई किती वेळा भेटायला आली — तीन. हातमोजे. बाग. त्याच वर्षांत हेस्टरबाईंनी व्हिएन्नात काय लिहिलं आणि ते का मोलाचं होतं, तेही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. मधे ‘परंतु’ घातला नाही.

मला ते चार पानांचं काम आवडलं. पडदा स्वच्छ धुऊन निघतो तसं वाटलं. संध्याकाळी स्वतःसाठी भजी केली!

२६ नोव्हेंबर, बुधवार

आईचा फोन, दुपारी, मी लॅबमध्ये असताना. ती कामाच्या वेळात कधी फोन करत नाही.

‘चांगलं लिहिलंयस. पण एक वाक्य गाळलंस.’

मी म्हटलं, कुठलं?

‘तुला माहीत आहे कुठलं. मुलाखतीत बागेनंतर लगेच आहे. आधार आहे त्याला. तूच म्हणतेस ना — आधार असेल ते लिहायचं?’

पंपांचा आवाज होता. मी म्हटलं, नंतर बोलू.

वाक्य असं आहे. मार्जरी म्हणते, ‘बाग चांगली होती. मी तिथे दाराकडे पाठ करून बसायचे. म्हणजे कोणी आलं तरी आई नाही हे बघावं लागायचं नाही.’

मी या वहीतही ते लिहिलेलं नाही. आठ तारखेचं पान उघडून पाहिलं. बाग आहे, हातमोजे आहेत. दार नाही.

आईच्या मजकुरात मी वीस दिवसांत इतक्या चुका काढल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वाक्य घातलं. बागेच्या लगेच खाली, वेगळ्या परिच्छेदात. आईने वाचलं, मान हलवली. चष्मा पुसला.

आपा म्हणाली, ‘झालं काय तुमचं त्या बाईचं? खलास?’

‘खलास,’ आई म्हणाली.

‘अल्लाचे उपकार! आता तरी मासे खाताना तिचं नाव काढू नका.’

मग तिघी जेवलो. हेस्टरबाईंचं नाव आईने दोनदा काढलं. आपाने दोन्ही वेळा डाव आपटला. मी इतकी हसले की पाणी नाकात गेलं. अशी मी क्वचित हसते.

३० नोव्हेंबर, रविवार

पुस्तक विपुलला गेलं. त्याचं उत्तर : ‘मॅडम, खरंच?’

२७ डिसेंबर, शनिवार

आईला विमानतळावर सोडलं. आपा रडली, आई नाही, मीही नाही. आत जाताना आई वळून म्हणाली, ‘फेब्रुवारीचा तो व्हिसा. काढ.’

‘माझ्या नावावर?’

‘मग कोणाच्या? आणि मला कॅम्पसवर चालायला बूट लागतील. माप विचारून घे, अंदाजाने आणू नकोस.’

घरी परतताना समुद्र डाव्या हाताला होता. रेडिओ लावला नाही. बरं वाटत होतं.

११ जानेवारी २०२६, रविवार

मावशीकडून आईचं पाऊल आलं. फोटो — पण या वेळी शेजारी पट्टी ठेवलेली! साडेपाच. मला माहीत नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

विपुलकडून छपाईआधीची पानं आली. सुरुवातीलाच अर्पणपत्रिका. ती मला तपासायला दिलेल्या मजकुरात नव्हती. आईने परस्पर पाठवली. पानभर कोरी जागा आणि मधे दोन वाक्यं :

‘निधीला.
किंमत तिने दिली.’

शोधनिबंध सोडून माझं नाव छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं. सवयीने पेन्सिल घेतली. दुसऱ्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. खूण न करता पान परत पाठवलं.